विषय क्रमांक चार

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, चार वाजता,
वॉर्ड कचेरीच्या वरच्या मजल्यावर
आम्ही सहाजण बडोद्याला सल्ला देतो.
बडोदं तो मागत नाही.
तरी चहा येतो, कधीमधी शेव-उसळ,
आणि सह्यांची वही.

इतिवृत्त माझ्याकडे. बँकेत होते,
अक्षर बरं, म्हणून गळ्यात पडलं.
विचार मराठीत, टिपण गुजरातीत;
दोन्हींच्या मध्ये कुठेतरी
मागच्या वर्षी बागेतला एक बाक हरवला.

विषय एक : कारंजं बंद आहे.
विषय दोन : कारंजं का बंद आहे.
विषय तीन : झोपाळ्याच्या कड्या करकरतात;
तेल बाग खात्याने घालायचं की यांत्रिकीने?
रश्मिकाबेन त्याच संध्याकाळी
शिवणयंत्राची कुपी पदराआड घेऊन गेल्या.
हे इतिवृत्तात नाही.

विषय चार : विश्वामित्रीच्या काठाने पायवाट.
नकाशा आला. सरळ रेघ,
फरशी, दर पन्नास फुटांवर दिवा.
खाशेराव शिर्क्यांनी चष्मा पुसला :
"ही रेघ मारणारा कधी नदीवर गेलाय का?"

म्हणून आम्ही गेलो.
माघातलं ऊन, साडेआठ.
पुढे खाशेरावांची काठी,
मागे टेप उलगडत मलेकसाहेब,
रश्मिकाबेनकडे थर्मास.
नकाशातली रेघ वेड्या बाभळीत शिरली
ती बाहेर आलीच नाही.

पायवाट मात्र होती.
आधीपासूनच.
दीड वीत रुंद, गवत झिजून उजळलेली,
करंजाशी वळसा घेऊन कोतराच्या अंगावर चढणारी,
विनाकारण लांबची.

"विनाकारण?" पंपावरचा शनाभाई म्हणाला,
आणि हनुवटीने खाली दाखवलं.
चिखलाच्या धक्क्यावर एक ओंडका.
ओंडक्याने जबडा उघडला
आणि तसाच उघडा ठेवून दिला,
उन्हाला.

"दरवर्षी इथेच अंडी घालते.
ही नाही, तर हिच्या आधीची.
माझी आई धुणं घेऊन वरून जायची,
तिच्या आधी आणखी कोणी."
बोलता बोलता तो ज्यावर टेकला
त्या बाकाच्या पाठीवर पालिकेचा नंबर होता.
मी वाचला. वही मिटली.

मलेकसाहेबांनी मोजलं :
रेघेपासून वाटेपर्यंत अडतीस पावलं.
सूचक नाही, अनुमोदक नाही,
डोक्यावर ओलं ओझं घेतलेल्या पायांनी
एकमताने मंजूर केलेली
अडतीस पावलं.

शिफारस तीन वेळा खोडली.
उरलं एवढंच : पायवाट आहे तिथेच असावी.
"एवढ्यासाठी समिती?" असं कोणी विचारलं नाही,
सगळ्यांनी मान हलवली.

दोन महिन्यांनी उत्तर आलं.
गुजरातीत एक शब्द : नोंध.
आपल्यात नोंद, त्यांच्यात नोंध.
खाशेराव म्हणाले, "ध चा मा झाला
तेव्हा एक माणूस गेला, बाई.
हा द चा ध. बघू कोण जातं."

जेठात ठेकेदाराची माणसं आली.
मी एकटीच बघायला गेले, पायात बाटाच्या चपला,
न विचारता.
फक्कीची पांढरी रेघ
सरळ, सरळ, सरळ,
आणि करंजाशी येऊन
वळलेली.

आमच्या पत्राने की तिच्या जबड्याने,
विचारायला कोणी नव्हतं.
धक्क्यावर ऊन होतं, ओंडका नव्हता.
फक्कीत कुणाचे तरी पाय उमटलेले,
बोटं सुटी, टाच खोल,
आणि वर चढाला लागल्यावर
पांढरेपणा थोडा थोडा कमी होत गेलेले.

पुढच्या गुरुवारी वही उघडून
मी पहिल्यांदा विषय चार लिहिला.
मग कारंजं.